बर्फाचा उंबरा

"आमा-ए! चूल पेटव गं, आलो!"

तो आवाज आधी खडकांना ऐकू यायचा, मग नदीला, आणि सगळ्यांत शेवटी गावाला. ताम्रवर्णी कडे तो एकमेकांच्या ओंजळीत टाकत, झेलत, पुन्हा टाकत. आलो, आलो, आलो, असं म्हणत तो निळ्या बर्फावरून घसरत येई आणि शेलथांग गावातल्या पहिल्या घराच्या पहिल्या पायरीशी येऊन थांबे. त्या घरात यांगझोम राहते. आवाज तिच्या मुलाचा, ल्हुंडुपचा. तो शेवटचा ऐकला त्याला सहा हिवाळे झाले.

हिमालयाच्या पाठीमागे, जिथे ढग पोचता पोचता रिते होतात, तिथे हे शेलथांग. वर आभाळ, आभाळाखाली दगड, दगडाखाली पुन्हा दगड. आणि त्या अफाट, उजाड, पिंगट मौनातून वाहणारी एकच बोलकी गोष्ट, यारछू नदी. उन्हाळ्यात ती हिरवी, वेगवती, कुणाचं न ऐकणारी. हिवाळा आला की मात्र काठाकाठानं तिचे ओठ मिटू लागतात. आधी साखरेसारखे कण, मग कणांच्या चकत्या, मग चकत्यांच्या चटया, आणि मग एका निःश्वास गोठवणाऱ्या पहाटे पूर्ण नदी मुकी होते.

मुकी होते, आणि रस्ता होते. घाटमाथे हिमानं बंद झाले की गावाला जगाकडे नेणारी वाट ती हीच. लोक लोणी घेऊन तिच्या पाठीवरून चालत खालच्या बाजाराला जातात. चहा, मीठ, सुया, औषधं घेऊन तिच्याच पाठीवरून परततात.

गावाच्या किंचित खाली दोन कडे इतके जवळ येतात की वरून पाहिलं तर ते एकमेकांच्या कानात काही सांगताहेत असं वाटावं. त्या अरुंद जागेला गाव म्हणतं उंबरा. जाणारा तिथून जातो, येणारा तिथून येतो. उंबऱ्याच्या आत आलेलं माणूस घरी आलं, असं समजायचं.

ल्हुंडुप त्या हिवाळ्यात उंबऱ्याबाहेर गेला आणि त्याचे सोबती परतले. खाली दरीत बर्फ पातळ होता, ते म्हणाले. तो पुढं होता, ते म्हणाले. आणि पुढचं त्यांनी सांगितलं नाही, कारण यांगझोमनं विचारलंच नाही. नदीनं देह दिला नाही. मठातून निरोप आला, गेलेल्यासाठीचे पाठ कधी ठेवायचे? यांगझोमनं दारातूनच निरोप परत पाठवला.

"वाटेत असलेल्या माणसाचे कुणी पाठ ठेवतं का?"

तेव्हापासून ती उंबरा झाडते.

रोज सकाळी, कड्याच्या माथ्यावरचं ऊन अजून खाली यायला धजत नाही अशा वेळी, वाळुंजाच्या काड्यांचा खराटा घेऊन यांगझोम नदीवर उतरते. मरून रंगाचा तिचा लोकरी झगा कमरेशी खोचलेला. रात्रभरात पडलेलं हिम ती झाडते, कडेला लोटते, पुन्हा झाडते. खर्र, खर्र, खर्र. पांढऱ्याखालून निळं वर येतं, निळ्याखालून काळं. आरशासारखी, आभाळासारखी, एक लांब उघडी पट्टी या कड्यापासून त्या कड्यापर्यंत चकाकू लागते. येणाऱ्याला पाऊल कुठं टाकावं ते दिसावं. येणाऱ्याची बोटं हिमात रुतून काळी पडू नयेत.

आणि तिच्या मागे, जरा अंतरावर, पाण्याची घागर घेऊन कुन्झेस उभी असते. ल्हुंडुपची बायको. लग्न होऊन आली तेव्हा हसली की गालावर खळी पडायची. खळी अजून आहे, हसणं तेवढं विरळ झालंय. ना ती कुणाची बायको, ना कुणाची विधवा. न संपलेल्या एका वाटेची मुकी राखणदार. माहेरून दोनदा बोलावणं येऊन गेलं. "आमांना एकटं कसं सोडू," एवढंच ती म्हणाली आणि घागर उचलून पाण्याला गेली.

*

मग यंदाचा वसंत आला. आला तो चोरपावलांनी नव्हे. दार ढकलून आला.

वरच्या खोऱ्यात हिवाळाभर हिम पडलं होतं, घरं बुडतील एवढं. आणि आता त्या थरांवर अचानक पिवळं, पिकलेलं, दाट ऊन ओतलं गेलं. छपरांच्या कडांना बर्फाच्या सुळ्यांतून थेंब. भिंतींच्या पायथ्याशी वाफ. दुपारी गोठ्यातले याक उगाचच हंबरून उठत. नदी अजून पांढरीच होती; पण कान लावला तर तिच्या पोटात कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखं वाजत होतं.

शेलथांगची माणसं या दिवसांसाठी शरद ऋतूतच माती राखून ठेवतात. जमीन दगड होण्याआधी खणलेली, गोठ्याची धूळ मिसळलेली, चुलीची राख मिसळलेली, बारीक, काळी, कोरडी माती. वसंतात ती हिमाळलेल्या शेतांवर फेकायची. पांढरं हिम ऊन परतवून लावतं. काळी माती उन्हाला मांडीवर घेते. माती पडली की हिम वितळतं, आणि वितळलं तरच जव वेळेवर पेरला जातो. उन्हाळा इथं पाहुणा; त्याला दारात तिष्ठत ठेवून चालत नाही.

अशीच माती उंबऱ्यावरही टाकतात, वरून येणाऱ्या बर्फाला तिथं वाट मिळावी म्हणून. मात्र तिथं कुणी एकट्यानं नाही. सगळ्या घरांनी, एकाच दिवशी, आणि एक प्रश्न विचारून झाल्यावरच. कारण मातीनं उंबऱ्याचा बर्फ आतून सडतो, चाळणी होतो. वरून धड दिसतो आणि पाऊल पडलं की गिळतो. तेव्हा गावातलं सर्वांत वृद्ध माणूस काठावर उभं राहून विचारतं, बर्फावर कुणाचं माणूस आहे का? प्रत्येक घर आपलं उत्तर देतं. एक जरी घर 'आहे' म्हणालं, तरी गाव थांबतं. आणि दुसऱ्याच्या माणसाबद्दल कुणी बोलायचं नाही. ज्याचं माणूस, त्याचंच तोंड. तिथं राजाचंही चालत नाही आणि लामाचंही.

त्या सकाळी बाया पाठीवर टोपल्या घेऊन काठावर जमल्या. उन्हानं सगळ्यांचे डोळे बारीक, गाल लाल.

"देचेन, तुझ्या टोपलीत माती कमी आणि लेंड्याच जास्त गं."

"असू देत की! माशांची पोरं बाळसं धरतील." देचेन शेजारच्या घरची, अंगानं भरलेली, जिभेनं त्याहून भरलेली. तिनं टोपली टेकवली आणि गावाच्या आजोबांकडे, मेमे गोन्बोंकडे, वळली. "मेमे-ले, आज जरा मोठ्यानं विचारा बरं. गेल्या वर्षी तुमचा प्रश्न तुमच्या मिशीतच अडकला होता."

"मिशीत नाही," मेमे गोन्बो म्हणाले, "तुझ्या बडबडीत अडकला होता. ती संपायची वाट बघत होता बिचारा."

हशा उठला. काठावरचा एक पक्षी उडाला. मग मेमे गोन्बोंनी टोपी काढली, आणि टोपी काढताच सगळे गप्प झाले.

"बर्फावर कुणाचं माणूस आहे का?"

"कोणी नाही," वरच्या आळीनं सांगितलं.

"कोणी नाही," मठाच्या वाटेवरच्या घरांनी सांगितलं.

"कोणी नाही, आणि असता तरी आमच्याकडचा एवढ्या सकाळी उठला नसता," देचेन म्हणाली. पण या वेळी कुणी हसलं नाही. कारण आता एकच घर उरलं होतं.

यांगझोम खराटा धरून उभी होती. दृष्टी उंबऱ्यापलीकडे, जिथे दरी निळी होत होत नाहीशी होते.

"माझा येतोय," ती म्हणाली, दर वर्षी म्हणायची तसंच.

टोपल्या पुन्हा पाठीवर चढल्या. या उत्तरावर बोलायची रीतच नव्हती. फक्त देचेन चढ चढताना, नदीकडे बघत, हळूच पुटपुटली:

"येऊ दे गं बाई. पण नदीच्या आधी येऊ दे."

*

कारण गेल्या वर्षी नदी आधी आली होती.

ती कशी येते हे ज्यानं पाहिलं, त्याच्या डोळ्यांतून ते कधी जात नाही. वरचं खोरं रुंद आणि उघडं, सूर्याचं लाडकं. तिथलं हिम आधी पाणी होतं. उंबरा सावलीचा, कड्यांच्या कुशीतला. दुपारचं थोडंसं ऊन सोडलं तर तो हिवाळ्यातच राहतो. म्हणजे माथ्याशी नदी जागी झालेली असते आणि पायथ्याशी अजून झोपलेली. वरून पाणी येतं, बर्फाच्या छताखाली शिरतं, फुगतं, आणि पूर्ण छत आपल्या पाठीवर उचलतं. काठाशी जडलेली शिवण तटातटा उसवते. छताचे तुकडे होतात. अंगणाएवढे, खळ्याएवढे, घराएवढे ते तुकडे प्रवासाला निघतात.

निघतात आणि उंबऱ्याशी अडतात. पहिला तुकडा झोपलेल्या बर्फाला धडकतो आणि थांबतो. दुसरा त्याच्या पाठीवर चढतो. तिसऱ्याला जागा मिळत नाही म्हणून तो खाली बुडी मारतो आणि तळाशी पाचर होऊन बसतो. मग शेकडो. एकमेकांवर रेलत, एकमेकांत रुतत, उभे राहत, कोसळत, रात्रीच्या थंडीत पुन्हा एकमेकांना चिकटत त्यांची भिंत होते. आणि भिंतीमागे अख्खी नदी, वाट हरवलेल्या कळपासारखी, गावाकडे वळते.

गेल्या वर्षी तिनं पाणचक्की चिरडली, खालची शेतं गिळली. पाणी ओसरल्यावर जवाच्या वाफ्यांत बर्फाचे गोळे बसून राहिले, न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे, पेरणीचे दिवस टळेपर्यंत. त्या हिवाळ्यात गावानं पीठ मोजून मळलं. आणि ते वर्ष थंड होतं, नदी सुस्त होती. यंदा वर हिम दुप्पट, ऊन दुप्पट. यंदा उंबरा मिटलेला राहिला तर शेतांवर भागणार नव्हतं. खालची आळी जाणार होती, घरं, गोठे, घरांतली माणसं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट मात्र एकट्या कुन्झेसला ठाऊक होती.

पाण्यासाठी तिनं बर्फात दोन भोकं राखली होती. एक घराजवळ, हिमाखाली. तिथं कुऱ्हाडीचे चार घाव घातले की पाणी हसत वर यायचं. दुसरं उंबऱ्याजवळ, झाडलेल्या पट्टीत. तिथं ती पालथी पडून खांद्यापर्यंत हात घालायची तेव्हा कुठं बोटांना ओल लागायची. दर पंधरवड्याला जास्त खोल, दर पंधरवड्याला जास्त निळं. पहिल्यांदा तिला ते नवल वाटलं होतं. मग एक दिवस सलगम साठवलेल्या खड्ड्यावर हिम लोटताना तिचे हात मध्येच थांबले, आणि तिला कळलं. कळलं, आणि तिनं ते आजवर घशाखाली दाबून ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळचं झाडणं राहिलं होतं; दुपारी यांगझोम खराटा उचलायला वाकली तेव्हा कुन्झेसनं तिच्या आधी तो उचलला.

"आमा-ले, आज राहू द्या."

"का गं? माझ्या खराट्यानं तुझे हात दुखायला लागले वाटतं!"

"हात नाही दुखत."

"मग पाय मोडलेत माझे? आण इकडे. काल वारा होता, वाट भरली असेल."

कुन्झेसनं खराटा दिला नाही. खाली बघत, एखाद्या लेकरानं चूक सांगावी तसं ती म्हणाली, "सलगमच्या खड्ड्यावरचं हिम आपण कधी काढत नाही, आमा-ले."

"काढून कसं चालेल, वेडे? हिम म्हणजे गोधडी. गोधडी काढली की गारठा खाली उतरतो, सलगम दगड होतात. एवढं तर—"

यांगझोमचा पुढं केलेला हात खाली आला.

तिनं सुनेकडे पाहिलं. खराट्याकडे पाहिलं. मग ती नदीवर उतरली, झाडलेल्या पट्टीवरून चालत त्या दुसऱ्या भोकाशी गेली, आणि आपल्या म्हाताऱ्या, जड, लोकरी देहासकट पालथी पडून तिनं त्यात हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. खांदा टेकला. गाल बर्फाला लागला. तरी बोटांखाली बर्फच, काळाभोर, गुळगुळीत, शिळेसारखा बर्फ.

सहा हिवाळे जिथं ती पावलांसाठी वाट मोकळी करत होती, तिथं ती रोज नदीची गोधडी काढत होती. रोज गारठ्याला आत बोलावत होती. तिच्या मायेनं विणलेला तो बर्फ साऱ्या यारछूत सर्वांत जाड होता. गेल्या वर्षीच्या भिंतीला पाय टेकायला जागा तिनंच घोटून गुळगुळीत करून दिली होती.

ती बराच वेळ तशीच पडून राहिली, गाल बर्फावर ठेवून. कुन्झेस शेजारी येऊन बसली. दोघींच्या सावल्या निळ्या आरशावर एकत्र लांबल्या.

*

आणि दुसऱ्या दिवशी वरची नदी फुटली.

आधी वारा थांबला. मग खूप दूर, खोऱ्याच्या माथ्याकडे, गडगडाट झाला. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि गडगडाट. घराघरांतली माणसं छपरांवर चढली. नदीच्या पांढऱ्या अंगावरून एक काळी रेघ सळसळत गेली, मग तिला फांद्या फुटल्या, फांद्यांना डहाळ्या. काठचा बर्फ वाजला तो कसा, तर हजार कवाडांचे अडसर एकदम पडावेत तसा.

आणि मग ते आले.

गावाच्या वर नदी एक वळण घेते; त्याला कोपर म्हणतात. त्या कोपरापलीकडून बर्फाच्या शिळा येऊ लागल्या. वरून श्वेत, कडेनं हिरव्या, पोटात निळ्या. सावकाश येत होत्या, आणि त्या सावकाशपणातच सगळी भीती होती. घाई दुबळ्याला असते. त्या आल्या, कोपराच्या खडकाला भिडल्या, आणि एक शिळा, मठाच्या अंगणाएवढी, हळूहळू, अगदी हळूहळू, उभी राहिली. पाणी तिच्या अंगावरून मोत्यांच्या सरींनी निथळलं. उन्हात ती आरपार पेटली. तिच्या गाभ्यात हिवाळाभर कोंडलेले हवेचे बुडबुडे नक्षत्रांसारखे चमकले. मेमे गोन्बोंनी हात जोडले. देचेनच्या तोंडाला पहिल्यांदाच शब्द सापडला नाही.

शिळेमागे शिळा, शिळेवर शिळा. कोपरात भिंत उभी राहू लागली. घरघर, करकर, मग एक खोल, ओला हुंकार. आणि मग शांतता.

अशी शांतता कुणी ऐकली नव्हती. कोपरानं नदी धरून ठेवली होती. खाली, गावासमोर, बर्फाच्या छताखालचं पाणी ओसरत गेलं. छत खचलं, कण्हलं. नदी थांबली होती. एवढी मोठी, एवढी जुनी, कधीही न थांबलेली नदी एखाद्या घरापुढं कुणी थबकावं तशी थबकली होती, आणि तिच्या पाठीशी दर क्षणाला पाणी वाढत होतं.

"किती दिवस धरील ते कोपर?" कुणीतरी विचारलं.

"मला काय विचारता?" मेमे गोन्बो म्हणाले. "ऊन बघा, आणि ठरवा."

ऊन लखलखीत होतं. सगळ्या नजरा नकळत पहिल्या घराकडे वळल्या, आणि लाजून परत फिरल्या. विचारायचं तरी कसं? प्रश्न विचारून झाला होता. उत्तर मिळालं होतं. ज्याचं माणूस, त्याचंच तोंड.

तेवढ्यात त्या घराचं दार उघडलं.

यांगझोम बाहेर आली. हातात खराटा नव्हता. पाठीवर टोपली होती, काठोकाठ भरलेली, आणि त्या भारानं ती इतकी वाकली होती की तिची सावली तिच्या पायांतच गोळा झाली होती. ती उतार उतरली. काठावर क्षणभरही थांबली नाही. सहा हिवाळ्यांच्या त्या चकचकीत पट्टीवर ती चालत गेली, मधोमध गेली, गुडघे टेकले, आणि खांदा झुकवून टोपली रिती केली.

काळी माती निळ्यावर सांडली. जणू कुणी आरशावर रात्र उपडी केली.

तिनं तळव्यानं ती पसरली. जशी जवाची भाकरी थापावी तशी, कडांकडे, हलक्या हातानं, कुठं उघडं राहू नये अशी. पसरता पसरता तिचे खांदे हलत होते. ओठ मात्र मिटलेलेच.

काठावर कुजबुज झाली. कुणी म्हणालं, "पण तोंडानं कुठं म्हणाली ती?"

मेमे गोन्बो त्याच्याकडे असे वळले की तो दोन पावलं मागे सरला.

"हात बोलला," ते म्हणाले. "तुला ऐकू नाही आलं? उत्तर आलंय. उतरा खाली!"

मग टोपल्याच टोपल्या. वरच्या आळीच्या, खालच्या आळीच्या, मठाच्या. बाया रांगेनं उतरल्या, आणि माती उडू लागली, राख उडू लागली, उन्हात सोनेरी धुळीचे पंखे उलगडू लागले. देचेनला तिची जीभ परत मिळाली होती; ती टोपली झटकत गात होती आणि बाकीच्या तिच्यामागून ओढत होत्या:

*माती गं काळी, ऊन गं पिवळं,
मांडीवर घेई, लाडाचं कवळं.
दाराशी पाणी, दार कर ढिलं,
जाऊ दे बाई, ज्याचं त्याला दिलं.*

पुरुषांनी कुऱ्हाडींनी मधून चर खणला. यांगझोम उठत होती, घरी जात होती, भरून आणत होती, ओतत होती. कुन्झेस तिच्या जोडीनं. दोघींनी आपल्या शेतासाठी राखलेली मातीसुद्धा ठेवली नाही.

*

मग उरलं ते उन्हाचं काम.

दुपारी कड्यांमधून ऊन खाली उतरे, थोडाच वेळ, पण त्या थोड्या वेळात माती त्याला पोटाशी धरून बसे. प्रत्येक कणाभोवती पाण्याची एक इवली वाटी. वाटीशेजारी वाटी. काळा झालेला उंबरा मधमाशांच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा झाला. त्याच्या आत उभ्या, बारीक, काचेच्या सुया सुटू लागल्या आणि सायंकाळच्या वाऱ्यात किणकिणू लागल्या. चर रुंदावला. एका दुपारी त्यातून काळं, जिवंत पाणी दिसलं. त्यानंतरच्या दुपारी एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत उंबरा एकदाच खोल श्वास घेऊन खचला, आणि चुरा होऊन निघून गेला. इतका हलका गेला की पाहणाऱ्यांची पापणी मिटायची राहून गेली.

आणि वर कोपरानं नदी सोडली.

सकाळची वेळ. आधी जमीन थरथरली; फळीवरच्या वाट्या वाजल्या. मग कोपरातली ती उभी शिळा, मठाच्या अंगणाएवढी, नमस्कार करावा तशी पुढं झुकली, आणि तिच्यामागून सगळी भिंत, सगळा हिवाळा, सगळं अडलेलं पाणी एकदम आलं. पांढरं, हिरवं, निळं, गढूळ. गर्जना नव्हे, गर्जनांचं अरण्य. शिळांवर शिळा आदळत होत्या, भंगत होत्या, भंगून पुन्हा उसळत होत्या. काठचे दगड हलले. गुलाबी पहाटे निजलेला वारा बर्फाच्या थंड श्वासानं जागा होऊन साऱ्या गावाच्या तोंडावर आला.

गाव छपरांवर उभं होतं. पोरं आईच्या झग्यात, म्हातारे काठीवर. कुणी ओरडत नव्हतं. डोळ्यांत मावत नाही असं काही पाहताना माणूस ओरडत नाही.

पहिल्या शिळा उंबऱ्यातून निघून गेल्या. मग ती मोठी आली. आडवी आली. दोन्ही कड्यांना दोन्ही खांदे लावून ती उंबऱ्यात बसली, आणि तिच्या मागं सगळं थांबलं. एक चढली. दुसरी तिच्यावर. पाणी फुगलं; वाफ्यांच्या बांधाशी आलं, बांधावर आलं, पहिल्या घराच्या पहिल्या पायरीला लागलं. कुन्झेसनं सासूचा हात घट्ट धरला.

पण खाली त्या शिळेला टेकायला काही नव्हतं. ज्या बर्फानं तिला पाय रोवू दिला असता तो बर्फ गेला होता. ती थरारली. तिच्या मधोमध एक निळी रेघ उमटली, वीज जमिनीतून वर जावी तशी, आणि एका लख्ख, प्रदीर्घ आवाजानं ती दुभंगली. दोन अर्धी एकमेकांना वाट देत, जवळजवळ अदबीनं, दरीत उतरली. त्यांच्यामागून सगळं निघालं. पायरीवरचं पाणी पायरी चाटून परत फिरलं.

दिवसभर बर्फ जात होता. आळीआळीतून हाका सुरू झाल्या, कुणी हसलं, कुणाच्या चुलीवर चहा चढला. "मेमे-ले, आता टोपी घाला, डोकं गोठलं तर पुढच्या वर्षी विचारणार कोण?" देचेन कुठूनतरी ओरडत होती.

संध्याकाळी नदी हिरवी झाली होती. मोकळी. शिळा संपल्या, मग तुकडे, मग तुकड्यांचे तुकडे, मग एखाददुसरा चुकार चुरा, फुलासारखा गिरक्या घेत. उंबऱ्याच्या ओल्या कड्यांवर शेवटचं केशरी ऊन रेंगाळत होतं. आता हिवाळा येईपर्यंत त्या वाटेनं पायी कुणी येणार नव्हतं.

यांगझोम पायरीवर बसली होती. नखांत अजून माती. शेजारी कुन्झेस. खूप वेळ दोघी नुसत्या पाणी पाहत राहिल्या, ते कसं येतं आणि न थांबता कसं जातं ते.

मग यांगझोमनं सुनेचा गार हात आपल्या मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत ज्या ओठांनी एकदाही ते म्हटलं नव्हतं, ते ओठ आता उघडले.

"माझा ल्हुंडुप मेला, पोरी," ती म्हणाली. "सोबती परतले त्याच दिवशी कळलं होतं मला. तू आता माझ्यासाठी थांबू नकोस."